मांदेलीचे काटे जातात कुठे?

पोरांनो, पापलेट कोणीही खातं. मासे खाणाऱ्याची परीक्षा मांदेलीत होते. ताटात मांदेली पडली की आमची धाकटी नाक मुरडते, "आजोबा, काटे!" थोरला मात्र गुपचूप तिच्या ताटातल्या उचलून आपल्या ताटात घेतो. त्याला कळून चुकलंय की नीट तळलेल्या मांदेलीला काटा नसतो. म्हणजे असतो, पण दाताला सापडत नाही. मग तो जातो कुठे? आजी अजून वाटण वाटतेय, तोवर सांगतो.

आधी एक मांदेली हातात घ्या. कच्चीच. घाबरू नका, चावत नाही. पुढून जरा रुंद आणि मागे निमुळती होत होत शेवटी दोऱ्याइतकी उरते. पोटाखालचा पर मागे जात जात थेट शेपटीला मिळतो, त्यामुळे शेपटी नेमकी कुठून सुरू झाली ते कळत नाही. कल्ल्यामागे, छातीच्या परातून केसाइतके बारीक तंतू निघालेत, दिसले? आता पोटाच्या कडेवरून बोट फिरवा, शेपटीकडून डोक्याकडे. बोचलं ना! तिथे टोकदार खवल्यांची रांग आहे. टोकं मागे वळलेली, म्हणून डोक्याकडून शेपटीकडे बोट नेलं तर काहीच लागत नाही. तारली, पाला, मांदेली या सगळ्या गोतावळ्याच्या पोटाला ही धार असते. आजी मांदेलीच्या पोटाची कड कात्रीने कापून टाकते ती यासाठीच.

आणि पोटाकडचे सोनेरी ठिपके पाहा, ओळीने मांडलेले. ते नुसते शोभेचे नाहीत. अभ्यासकांनी ते उजेड देणारे अवयव म्हणून नोंदले आहेत. खोल समुद्रात असे दिवे बाळगणारे मासे पुष्कळ, पण हेरिंग, तारली, मांदेली यांच्या अख्ख्या खानदानात ही दिवाळी विरळाच. बाजारात वाट्याने मिळणारा मासा, आणि अंगावर दिवे!

मांदेलीचं शास्त्रीय नाव कॉइलिया ड्युसुमिएरी. ड्युसुमिए हा फ्रेंच व्यापारी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाज घेऊन आपल्या बाजूला फेऱ्या मारायचा आणि जाईल तिथले मासे गोळा करून पॅरिसच्या संग्रहालयाला धाडायचा. १८४८ मध्ये व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञाने मांदेलीचं वर्णन छापलं आणि तिला ड्युसुमिएचं नाव दिलं. आपल्या कोळणीला हे नाव सांगाल तर ती हसेल आणि भाव वाढवेल.

ही मांदेली मुख्यतः आपल्या उत्तर कोकणची: रायगड, मुंबई, पालघर आणि तिथून वर गुजरात. इकडचा समुद्र उथळ, गढूळ, आणि भरती-ओहोटी मोठी. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं. म्हणून इकडे डोल लावतात. डोल म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेलं भलंमोठं पिशवीचं जाळं, तोंडाशी रुंद, टोकाशी चिंचोळं. ते माशामागे धावत नाही. पाण्याची ओढच मासे आणून त्यात लोटते: बोंबील, जवळा, मांदेली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा ओढ जोरात. अष्टमीच्या सुमाराला, भांगाला, पाणी मंदावतं आणि डोलीला फारसं काही लागत नाही. म्हणजे हे जाळं खरं तर चंद्र ओढतो. कोळीवाड्यात माणसं तिथी बघून पाण्यात जातात ती उगाच नाही.

खाली सिंधुदुर्ग-गोव्याकडे पाणी खोल, भरती लहान. तिथे राज्य तारलीचं आणि बांगड्याचं. पावसाळ्यात दक्षिणेकडच्या किनाऱ्याला खालचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यात डोळ्यांना न दिसणारी शेवाळं माजतात. तारलीच्या कल्ल्यांत दाट चाळणी असते. ती तोंड उघडून पोहते आणि शेवाळं गाळून खाते. पावसानंतर तिच्या अंगावर चरबी चढते, म्हणून दसरा-दिवाळीची तारली तव्यावर स्वतःचंच तेल सोडते. कधी ही मासळी इतकी लागते की होड्या भरून वाहतात, कधी वर्षानुवर्षं तोंड दाखवत नाही. तिच्या या लहरीपणाचा अभ्यास शंभर वर्षं चाललाय.

बरं, काट्याकडे येऊ.

पापलेटाचा काटा सरळमार्गी. मधे कणा, कण्याला जोडलेल्या फासळ्या, झालं. बोटाने कणा उचलला की दोन्ही बाजूंचं मांस मोकळं. मांदेली, तारली, पाला यांच्यात याशिवाय आणखी एक जात असते: मांसात सुटे रोवलेले, कण्याशी घट्ट न जुळलेले, बारीक काटे. कणा कितीही सफाईने काढा, हे मागे राहतात. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्यातही असतात, आणि तिथे तर त्यांना फाटे फुटलेले असतात. पाला खाताना मोठमोठे वकील गप्प होतात ते यांच्यामुळेच.

हे आले कुठून? माशाचं मांस म्हणजे एकात एक घातलेल्या द्रोणांची चळत. प्रत्येक द्रोण हा स्नायूचा एक थर, आणि दोन द्रोणांमध्ये एक पातळ पडदा. शिजलेल्या माशाच्या पाकळ्या सुटतात त्या याच थरांच्या. मासा अंग डावी-उजवीकडे वळवतो तेव्हा एका थराचा जोर या पडद्यांतून पुढच्या थराला पोचतो. पडद्यांत कंडरा असतात, म्हणजे स्नायूंचे दोर. पिल्लू मोठं होतं तसतसे या गोतावळ्यात काही दोर हाडाचे होत जातात. तोच तुमच्या घशातला बारीक काटा. तो म्हणजे हाड झालेला दोर.

हे काटे नसतील तर मासा पोहणार नाही का? चीनमधल्या शास्त्रज्ञांनी अलीकडेच एक जनुक निकामी करून कार्प जातीचे मासे वाढवले. त्यांच्यात हे बारीक काटेच आले नाहीत, आणि ते पोहत राहिले, वाढलेही. हेरिंग-तारलीसारख्या जुन्या घराण्यांत हे काटे भरपूर; सुरमई, पापलेट ही मागाहून आलेली घराणी, त्यांच्यात कमी. मला विचाराल तर काटे काढलेला पाला हवाय कोणाला? पण शहरातल्या मुलांना हवा असेलही.

आता आजी साफ कशी करते ते पाहा, कारण निम्मं शास्त्र तिथेच आहे. मांदेलीचं डोकं चिमटीत धरायचं, खाली दाबून मागे ओढायचं. डोक्याबरोबर आतडी अख्खी बाहेर येतात. मग पोटाची कड, पर, शेपटीचा दोरा. सगळं कात्रीने होतं. विळी मोठ्या माशाला. हाताला चंदेरी चुरा लागला तर तो नीट बघा. ती चांदी म्हणजे ग्वानिन नावाच्या पदार्थाचे पातळ स्फटिक, आरशांसारखे एकावर एक रचलेले. हेच ग्वानिन तुमच्या-माझ्या डीएनएमध्येही आहे. माशाला त्याचा उपयोग दडून राहायला होतो: आजूबाजूच्या पाण्याचाच रंग अंगावरून परत फिरतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या कारागिरांनी नदीतल्या माशांच्या खवल्यांपासून हे काढून काचेच्या मण्यांत भरलं आणि खोटे मोती विकले. श्रीमंत बायकांच्या गळ्यात माशाचे खवले. आपल्या कोळणी त्यापेक्षा खरं सोनं घालतात!

साफ करायची घाई का? मासा मेला तरी त्याच्या पोटातले पाचक रस मरत नाहीत. अन्न संपलं की ते पोटच पचवायला लागतात. लहान, पोटभर खाल्लेल्या माशाची पोटाची भिंत पातळ, ती आधी फुटते. म्हणून बाजारात मांदेली उचलताना पोट बघायचं. पोट अख्खं, डोळा चकचकीत, कल्ला लाल, अंग सोनेरी, तर वाटा घ्या. पोटं फुटलेल्या वाट्याला कोळीण कितीही गोड बोलली तरी पुढे चालू लागा. तारली-बांगड्याबाबत तर जास्तच जपायचं. त्यांच्या काळसर मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा उन्हात, बर्फाविना राहिला तर जंतू त्याचं हिस्टामीन करतात. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. आणि उकळून, तळून ते जात नाही. शिजवलं म्हणजे सगळं शुद्ध झालं, हा समज इथे चालत नाही.

वास? समुद्रातल्या माशाच्या अंगात एक निर्गंध द्रव्य असतं, खाऱ्या पाण्याशी तोल सांभाळायला त्याला ते लागतं. मासा मेला की जंतू त्या द्रव्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि तोच आपला "माशाचा वास". हे ट्रायमिथिलअमाइन अल्कधर्मी. आंबट काही लागलं की त्याचा क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणजे नाकापर्यंत पोचत नाही. आजी मांदेलीला आधी मीठ, हळद आणि आगळ चोळून ठेवते, मग हात चिंचेच्या पाण्याने धुते. तिने रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, पण प्रयोग बरोबर करते.

आता वाटण आलं: आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. त्यावर घरचा लाल मसाला. थोडा वेळ मुरू द्यायचं, तासन्‌तास नाही. मीठ माशातलं पाणी बाहेर ओढतं. लहान माशात पाणी ते किती! फार वेळ ठेवला तर तळल्यावर चामट लागतो. मग तांदळाचं पीठ आणि रवा एकत्र करून त्यात घोळवायचं, झटकायचं, तव्यावर सोडायचं.

आता इथे या आणि तव्याकडे बघा. मांदेली पडल्याबरोबर तिच्याभोवती बुडबुडे फुटायला लागले. तेल उकळतंय असं वाटतं ना? तेल उकळत नाहीये. ते बुडबुडे पाण्याच्या वाफेचे. तेल असतं १७०-१८० अंश सेल्सिअसला आणि पाणी १०० अंशालाच वाफ होऊन पळतं. आधी पिठातलं पाणी जातं, मग मांसातलं, आणि सगळ्यात शेवटी काट्यातलं.

हाडात दोन गोष्टी असतात. एक चुन्याच्या जातीचं खनिज, ते कडकपणा देतं. दुसरं कोलॅजन, म्हणजे प्रथिनांचे धागे. ते लवचीकपणा देतात, पण ओले असेपर्यंतच. ओला काटा वाकतो, तुटत नाही, म्हणून हिरडीत घुसतो. त्यातलं पाणी गेलं की धागे ठिसूळ होतात आणि काटा दाताखाली मोडतो. मांदेलीचा काटा इतका बारीक की त्यातलं पाणी मिनिटांत निघून जातं. तारलीचा कणा जाड, तो एवढ्यात सुकत नाही. सुरमईच्या कण्याचं नावच नको. म्हणून आजी घड्याळ बघत नाही, बुडबुडे बघते. त्यांचा जोर ओसरला, आवाज बारीक झाला की काटा झाला. आच मात्र मध्यम हवी. मोठ्या आचेवर वरचा रवा करपतो आणि आत काटा ओलाच राहतो. आणि पडल्या पडल्या उलथनं घालायचं नाही. माशाची प्रथिनं तव्याच्या धातूला धरून बसतात. खालून खरपूस झाली की आपणहून सोडतात.

याच्या उलट प्रयोग तुम्हाला घरी करता येईल. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवा आणि काही दिवस विसरून जा, मधे एकदा व्हिनेगर बदला. खनिज विरघळून जाईल, नुसते धागे उरतील, आणि हाड रबरासारखं वाकेल. हे बघून थोरल्याने लगेच निष्कर्ष काढला, "म्हणजे कालवणात कोकम घातलं की काटे विरघळतात!" आमच्याकडे मोठी माणसंही असंच म्हणतात. ते अर्धंच खरं. कालवण दहा-पंधरा मिनिटांत होतं आणि कोकमाचा आंबटपणा व्हिनेगरच्या मानाने पातळ. एवढ्यात काटा जरासा नरम पडेल, नाहीसा होणार नाही. डब्यातली तारली खाल्लीय कोणी? तिचा कणासुद्धा जिभेने चुरगळतो, कारण ती डब्यात बंद करून वाफेच्या दाबाखाली पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा वर तापवलेली असते. तिथे धाग्यांचं जिलेटिन होतं. घरी तेच हवं असेल तर तारली कोकम-चिंचेच्या रसात घालून प्रेशर कुकरमध्ये मंद आचेवर पाऊण तास ठेवा. काटा मऊ होईल. मात्र तारलीची ती ताजी चव राहत नाही, असं माझं मत.

मांदेलीचं तिखलंही करतात. त्यात लसूण, मिरची, कोकम, पाणी अगदी बेताचं. तिथे स्वयंपाकघरातून आजीचा आवाज ठरलेला, "अगो, ढवळू नकोस! पातेलं हलव." बरोबर सांगते. मटण शिजायला तास लागतो आणि मासा मिनिटांत शिजतो, कारण शेळीला स्वतःचं वजन पायांवर पेलायचं असतं, माशाचं वजन पाणी पेलतं. त्याच्या मांसातले पडदे नाजूक, कोलॅजनही थोड्या उष्णतेत विरघळणारं. एकदा ते विरघळलं की द्रोण सुटे होतात. डाव घातलात की मांदेलीचं पिठलं! मालवणकडे तारलीच्या तिखल्यात तिरफळं ठेचून टाकतात. त्यांनी जिभेला मुंग्या येतात. चिनी लोक ज्याला मिरी म्हणून वापरतात त्या झुडपाचं हे चुलतभावंड.

मुद्दा एवढ्यावर संपत नाही. मोठ्या माशाचा आपण तुकडा खातो आणि हाड मांजरीला देतो. लहान मासा काट्यासकट पोटात जातो, म्हणजे त्याचं कॅल्शियम आपल्याला मिळतं. बांगलादेशात तळ्यांतल्या मोला नावाच्या बोटभर माशाकडे गरिबांचं खाणं म्हणून बघत. शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांनी अशा लहान माशांचा अभ्यास केला. या बाई त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या. अख्खा खाल्लेला लहान मासा बाया-मुलांना कॅल्शियम, लोह, अ जीवनसत्त्व देतो, हे त्यांनी दाखवलं. तळ्यांत मोठ्या माशांबरोबर हेही वाढवा, असा आग्रह धरला. २०२१ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हा धाकटे, तू ताटात ठेवलेल्या मांदेलीची बातमी पार परदेशात गेलीय.

आता काटा अडकलाच तर काय, हेही ऐकून ठेवा. तारली, पाला खाताना बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि टीव्ही बंद. चमच्याने खायचं नाही. बोटांच्या टोकांना जे कळतं ते चमच्याला कळत नाही. तरी घशात टोचलं तर भाताचा गोळा किंवा केळं गिळून काटा खाली ढकलायचा आपल्याकडचा जुना उपाय करू नका. काटा खाली जायच्या ऐवजी आणखी खोल रुतू शकतो. टोचणी राहिली तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. बहुतेक वेळा काटा टॉन्सिलपाशीच असतो, ते चिमट्याने काढून देतात.

ताटात काय काय हवं? तांदळाची भाकरी, तिखलं असेल तर गरम भात, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, शेवटी सोलकढी. मांदेलीवर लिंबू पिळायचं ते खायच्या क्षणी. आधी पिळून ठेवलं तर रवा भिजतो. तळलेल्या मांदेलीवर झाकणही ठेवायचं नाही, आणि डब्यात तर मुळीच भरायची नाही. आतल्या मांसात थोडं पाणी उरलेलं असतं, ते हळूहळू बाहेरच्या सुक्या कवचाकडे सरकतं. झाकण ठेवलं तर वाफ जमून वरूनही भिजवते. मग रवा मऊ, काटा पुन्हा ओला, आणि पुन्हा टोचायला तयार. तेव्हा सगळ्यांचे घाणे होईपर्यंत वाट बघायचा शिष्टाचार मांदेलीला लावू नका. पहिला घाणा उतरला की ज्याचे हात धुतलेले असतील त्याने बसावं.